नदीकडच्या दोन ओळीच का पिवळ्या पडल्या?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. कर्ली नदीच्या काठाला, नेरूरच्या बाजूला साठ माडांची बाग. लागवड वडिलांच्या हातची, पंचवीस-तीस वर्षांची, सगळे बाणवली (उंच जातीचे). वरच्या ओळी अजून झोडपून नारळ देतायत. नदीकडच्या दोन ओळींची चुडतं (झावळ्या) मात्र पिवळी, शेंडा बारीक, नारळ लहान आणि तेही निम्म्यावर आलेले. डिसेंबरात माती तपासली तर सामू (pH) ५.४, क्षारता (मिठाचं माप, डेसीसायमनमध्ये) ०.३, पालाश (पोटॅश) कमी. गावात जो तो म्हणतो, खारं पाणी लागलं. तर जिप्सम टाकू का, असं तुम्ही विचारलंय. आणि जाता जाता एक ओळ लिहिलीय: चार वर्षांपूर्वी वरच्या अंगाने रस्ता झाला, तेव्हा बागेतून वाहणारा व्हाळ (ओढा) मोरी टाकून पलीकडे वळवला.

जिप्सम नको. आणि ती जाता जाता लिहिलेली ओळ मी दोनदा वाचली, कारण माझ्या मते दुखणं तिथेच आहे.

नदीकाठचा माड नदीचं पाणी पितो असं आपण धरून चालतो. फार करून तो ते पीत नाही. डोंगरात, कातळावर, वरच्या भाटात मुरलेलं पाणी जमिनीखालून सावकाश नदीकडे सरकत असतं, आणि वाटेत माडाच्या मुळांना भेटतं. नदी म्हणजे त्या पाण्याचं शेवटचं ठिकाण. वरून येणारा हा गोड्या पाण्याचा रेटा जोवर आहे तोवर खाडीचं खारं पाणी काठाच्या मातीत फार आत घुसू शकत नाही. रेटा कमी झाला की तेच पाणी उलटं चालू लागतं. बागेकडे मी गेली तीस वर्षं याच नजरेने बघत आलोय: इथलं पाणी कोणीकडून कोणीकडे चाललंय?

याचं सगळ्यात सोपं उदाहरण तुमच्या नदीच्या तोंडावर आहे. देवबाग. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, आणि तिच्यावर माडच माड. दोन्हीकडे खारं असताना हे जगतात कसे? पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण गोडं पाणी हलकं. ढोबळ हिशेब असा की समुद्राच्या पातळीच्या वर गोड्या पाण्याची उंची एक फूट असेल, तर खाली जवळपास चाळीस फुटांपर्यंत गोडं पाणी टिकतं. उलटही तितकंच खरं. उपसा करून वरचं एक फूट कमी केलंत तर खालून खारं चाळीस फूट वर सरकू पाहतं. म्हणून अशा जागी विहीर आटली की ती खोल करायची नसते. खोल केली की ती खारी होते, आणि मग पुन्हा गोडी व्हायला किती पावसाळे जातील सांगता येत नाही.

तुमच्या काठाला वाळू नाही, गाळाची चिकण माती आहे, पण तत्त्व तेच.

आता नदीच्या पाण्याविषयी. जून ते ऑक्टोबर कोकणातल्या नद्या गोड्या असतात, तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस खाडीला समुद्राकडे ढकलून देतो. दिवाळीनंतर प्रवाह मंदावतो आणि खारं पाणी दर भरतीला थोडं थोडं आत येऊ लागतं. ते जड असल्याने तळातून येतं. वरवर ओंजळीने चाखलेलं पाणी मचूळ लागलं तर तळाशी ते केव्हाच खारट झालेलं असतं. एप्रिल-मेच्या उधाणाला ते सगळ्यात आत पोचतं, भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत जरा मागे हटतं. भरती आणि मीठ मात्र एकच नव्हेत. गोव्यात मांडवीला भरती मुखापासून गांजेपर्यंत, म्हणजे सुमारे ५० किलोमीटर आत जाणवते, पण त्यातल्या वरच्या टप्प्यात जे चढतं-उतरतं ते नदीचंच गोडं पाणी. भरती येते पण मीठ येत नाही, असा टापू माडाला फार मानवतो. तिथे जमिनीतलं पाणी दिवसातून दोनदा हलतं, आणि हललेल्या पाण्यातून मुळांना हवा मिळते.

गेल्या काही वर्षांत अनेक नद्यांवर हा मिठाचा टप्पा वर सरकलाय. त्यामागे उन्हाळ्यातला उपसा आहे, आणि वाळूउपसाही आहे. पात्र खोल झालं की तळातून येणाऱ्या जड पाण्याला उतार मिळतो. शिवाय काठ ढासळतात ते वेगळंच. काठावर माड लावला की काठ धरून ठेवतो हा एक गैरसमज. पायथाच पोखरला गेला तर माडाची दोरीसारखी मुळं काही करू शकत नाहीत. त्या कामाला उंडी, भेंडी, करंज ही झाडं बरी. खाऱ्या पट्ट्यात तिवरं (खारफुटी) आपोआप येतात, त्यांना हात लावू नका. ती तोडायला कायद्याने बंदी आहेच, पण बंदी नसती तरी मी हेच सांगितलं असतं.

मातीचं म्हणाल तर एकाच नदीवर तीन तऱ्हा दिसतात. मुखाशी पुळण (वाळू): पाणी झटकन निचरतं, खत धुपून जातं, पण मुळं मोकळी. अगदी वर, सह्याद्रीच्या पायथ्याला, जांभ्याची लाल आंबट माती: तिथे व्हाळाच्या कडेने पोफळीची (सुपारीची) कुळागरं, कारण पोफळीला खारं पाणी अजिबात चालत नाही आणि तुंबलेलंही चालत नाही. या दोहोंच्या मधला जो तुमचा पट्टा, तो सर्वांत सुपीक आणि सर्वांत फसवा. पुराने आणलेला गाळ, अन्नद्रव्यं भरपूर, ओल टिकते. आणि हीच ओल निचरा बंद झाला की मुळांचा जीव घेते.

तुमच्या अहवालातली ०.३ क्षारता बघून तुम्ही गोंधळलात, आणि ते साहजिक आहे. गाव म्हणतं खारं, कागद म्हणतो नाही. दोष प्रयोगशाळेचा नव्हे, महिन्याचा आहे. डिसेंबरात वरची एक वीत माती घेतलीत तर चार महिन्यांच्या पावसाने ती धुतलेली असते. मीठ असलंच तर खाली आहे. मार्च-एप्रिलमध्ये ते केशाकर्षणाने वर येतं, आणि मेमध्ये उघड्या जमिनीवर पांढरी साय धरते. म्हणून नमुना एप्रिलअखेर घ्या, तीन थरांचे वेगवेगळे: एक वीत, दोन फूट, तीन फूट. नदीकडच्या ओळीतून एक संच आणि तुलनेला वरच्या चांगल्या ओळीतून दुसरा. पाण्याचा नमुना पौर्णिमेनंतर किंवा अमावास्येनंतर दुसऱ्या दिवशी, भरती पूर्ण चढल्यावर. बाटलीला दगड बांधून तळातलं पाणी घ्या. खिशात मावणारं क्षारता मोजायचं यंत्र मिळतं, ते एक घेऊन ठेवाच.

आकडे कसे वाचायचे? समुद्राच्या पाण्याची क्षारता ५० डेसीसायमनच्या आसपास असते. माझा ठोकताळा असा: सिंचनाचं पाणी १ च्या आत असेल तर विचार करू नये. ३ पर्यंत मोठा माड निचऱ्याच्या जमिनीत सहज सोसतो. ४-५ च्या पुढे ते पाणी मोठ्या माडालासुद्धा नाइलाज म्हणूनच, आणि पाच वर्षांच्या आतल्या रोपाला मुळीच नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण सगळे मिठालाच शिव्या देतात. माडाला क्लोरीन लागतं. पानातल्या पाण्याचा ताण सांभाळायला, पर्णरंध्रं उघडायला-मिटायला ते त्याच्या उपयोगी पडतं. समुद्रापासून दूरच्या बागांत माडाला मीठ घालतात ते उगीच नव्हे, आणि आपल्याकडेही लागवडीच्या खड्ड्यात मूठ-दोन मुठी मीठ टाकायची रीत जुनीच. (म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे नेहमीचं पोटॅश खत, वापरत असाल तर वेगळं मीठ घालायची गरज नाही, त्यात निम्म्याच्या जवळपास क्लोरीनच असतं.) थोडं खारं पण वाहतं पाणी माड वर्षानुवर्षं सोसतो. गोडं पण तुंबलेलं पाणी त्याला दोन-तीन वर्षांत खाली बसवतं. आणि तुंबलेलं वर खारं असेल, तर मग बघायलाच नको.

तेव्हा पहिलं काम खड्डा खणण्याचं. नदीकडच्या ओळीत, बुंध्यापासून चार फुटांवर, कमरेइतका खोल. माती तांबूस-तपकिरी राहिली तर ठीक. दीड-दोन फुटांखाली ती निळसर राखाडी दिसली, कुजक्या अंड्यासारखा वास आला आणि मुळं काळी, चिमटीत साल सुटणारी निघाली, तर तिथे हवा पोचत नाही. खड्ड्यात पाणी किती तासांत चढतं, भरती-ओहोटीबरोबर हलतं का, तेही बघा. हललं तर वाट अजून मोकळी आहे. ढिम्म राहिलं तर वाट बंद. पाण्यावर तांबूस, तेलासारखा चकाकता तवंग दिसेल. बोटीचं डिझेल आलं म्हणून घाबरू नका. काडीने ढवळा: काचेसारखे तुकडे झाले तर तो लोहाचा तवंग, पुन्हा एकत्र मिळून आला तर तेल. लोहाचा तवंग म्हणजे पाणी बरेच दिवस कोंडलेलं आहे याचीच खूण.

दुसरं काम माडाचं खोड वाचण्याचं. माडाच्या खोडाला आंब्या-फणसासारखी पुढे जाडी धरत नाही. ज्या काळात जेवढं जाड झालं तेवढंच जन्मभर राहतं, त्यामुळे उपासमारीचा काळ खोडावर कायमचा उमटतो. वर्षाला साधारण बारा पानं येतात आणि प्रत्येक गळालेल्या पानाचं वळं खोडावर राहतं. आता हिशेब करा. चार वर्षांत अठ्ठेचाळीस पानं. त्यातली तीसेक अजून माथ्यावर आहेत. म्हणजे सर्वांत खालच्या जिवंत चुडतापासून खाली पंधरा-अठरा वळी मोजलीत की साधारण रस्ता झाला तो काळ आला. खोड तिथूनच निमुळतं व्हायला लागलं असेल, वळी तिथूनच जवळजवळ आली असतील, तर गुन्हेगार सापडला. त्याच्याही फार खालपासून बारीक असेल तर माझं सगळं निदान चुकलं, आणि तसं मला सरळ कळवा. पाडेकऱ्याला (माडावर चढणाऱ्याला) नुसतं मोजायला सांगा, तो दहा माडांचं एका सकाळी सांगेल.

नारळ आत्ता का घटले, चार वर्षांपूर्वीच का नाही, हेही यातच आलं. पोयीचा (फुलोऱ्याचा) कोंब पानाच्या बगलेत धरल्यापासून पिकलेला नारळ उतरेपर्यंत चव्वेचाळीस महिन्यांच्या आसपास जातात, त्यातलं शेवटचं वर्षच आपल्याला डोळ्यांनी दिसतं. आज घडलेल्या त्रासाचा पुरता हिशेब माड साडेतीन वर्षांनी देतो. त्यामुळे लोक नेहमी गेल्या वर्षीच्या पावसाला किंवा गेल्या वर्षीच्या खताला दोष देतात.

आता जिप्सम का नको ते. जिप्समचं काम म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम कॅल्शियमने सोडवणं. ते चोपण जमिनीला, जिथे सामू साडेआठच्या वर जातो आणि माती सिमेंटसारखी बसते, तिथे. देशावर उसाच्या शेतात ते लागू पडतं म्हणून आपल्याकडे विकलं जातं. तुमचा सामू ५.४ आहे. आंबट जमीन, वर तीन हजार मिलिमीटर पाऊस. मीठ धुवायला तो पाऊस पुरेसा आहे, फक्त धुतलेलं पाणी बाहेर जायला वाट हवी. वाट नसताना जिप्सम टाकणं म्हणजे त्या कोंडलेल्या पाण्यात आणखी एक क्षार विरघळवणं. तुम्हाला हवं आहे डोलोमाइट, माडामागे किलोभर, मेच्या शेवटी, आणि त्यानंतर महिनाभर इतर खत नाही. त्यात कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही येतं.

पिवळेपणा कसला आहे तेही पाहून घ्या, सगळा एकच नसतो. जुन्या चुडतांच्या पाती टोकाकडून करपत येतात, हिराच्या (पातीच्या मधल्या शिरेच्या) दोन्ही अंगाला नारिंगी ठिपके, हिराजवळचा भाग हिरवा, तर पालाशची कमतरता. सोडियम वाढलं की माडाला पालाश उचलता येत नाही, त्यामुळे खाऱ्या पट्ट्यात हे हमखास. पात उन्हात असलेल्या भागी पिवळी आणि दुसऱ्या पातीच्या सावलीत राहिलेल्या भागी हिरवी, तर मॅग्नेशियम, अशा माडांना पहिल्या वर्षी अर्धा किलो मॅग्नेशियम सल्फेट द्या. नवी पानं आखडलेली, पातीची टोकं आकड्यासारखी वळलेली, तर बोरॉन. आणि कोवळा सुया-शेंडाच हाताने उपसून आला, घाण वास आला, तर तो कोंबकुजव्या. तो वेगळा विषय, त्याला थांबू नका.

खताची मात्रा कोकणात मोठ्या माडाला सांगतात तीच: शेणखत चार-पाच घमेली, युरिया सव्वादोन किलो, सिंगल सुपर फॉस्फेट तीन किलो, पोटॅश दोन किलो. शेणखत आणि सुपर फॉस्फेट जूनमध्ये, युरिया आणि पोटॅश तीन हप्त्यांत, जून, ऑक्टोबर, फेब्रुवारी. डोलोमाइट घातलेल्या माडांना जूनचं खत तो महिना उलटल्यावरच. पण नदीकडच्या दोन ओळींना पहिलं वर्ष युरिया निम्माच द्या. कुजलेल्या मुळांवर पूर्ण मात्रा ओतून उपयोग नाही. तिथला फेब्रुवारीचा पोटॅशचा हप्ताही सल्फेटच्या रूपात देता आला तर बरं, महाग असला तरी माड फक्त दोन ओळींतले आहेत.

खरा उपाय मात्र व्हाळाचा. पूर्वी तो तुमच्या बागेतून वाहायचा तेव्हा दोन कामं एकदम करत होता. पावसाळ्यात मीठ आणि आंबटपणा धुऊन नेत होता, आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत झिरपून नदीकडे गोड्या पाण्याचा रेटा देत होता. रस्त्याच्या भरावाने तो तोडला, आणि त्याच भरावाने बागेचा एक निचराही बंद केला असणार. व्हाळ पूर्ण परत आणता येईल असं मला वाटत नाही. सगळा आणायची गरजही नाही. रस्त्याच्या वरच्या अंगाला, ऑक्टोबरअखेर धार मंदावते तेव्हा, पोत्यांचा वनराई बंधारा घाला आणि तिथून एक पाट किंवा नुसता चार इंची पाइप मोरीच्या वाटेने बागेच्या डोक्यावर आणा. बागेच्या वरच्या कडेने, उताराला आडवा, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल चर खणून ते पाणी त्यात सोडा. चर भरून वाहू द्यायचा नाही, नुसता ओला राहू द्यायचा. मुरेल ते तुमचं. ग्रामपंचायतीकडे अर्ज करताना एकटे जाऊ नका, मोरीच्या पलीकडच्या ज्याच्या शेतात आता तो व्हाळ घुसतोय त्यालाही बरोबर घ्या. त्यालाही तो नकोच असेल.

खालच्या अंगाला नदीकडच्या दोन ओळींच्या मधून अडीच-तीन फुटांचा निचऱ्याचा चर काढा, नदीच्या जुन्या बांधापर्यंत. बांधात उघाडी (पाणी सोडायचं दार) असेलच, गोव्याकडे तिला मानस म्हणतात. तिची फळी बघा. भरतीला मिटायला हवी, ओहोटीला उघडायला हवी, एवढंच तिचं काम. अनेक ठिकाणी ती कुजलेली तरी असते किंवा मासे धरायला कोणीतरी कायमची उघडी ठेवलेली. पावसाळ्यात दोन-तीनदा बागेत पाणी बेताने साचू द्या आणि ओहोटीच्या तोंडाला एकदम सोडा, त्या पाण्याबरोबर बरंच मीठ निघून जातं. नवा बांध घालायच्या फंदात पडू नका, किनारा नियमनाचे नियम आड येतील, आणि मुळात गरजही नाही.

उन्हाळ्यात या दोन ओळींच्या आळ्यांत जमीन उघडी दिसता कामा नये. चुडतं, पातेरा, सोडणं (नारळाची सालं), जे असेल ते पसरा. ऊन थेट लागलं नाही की खालचं मीठ वर ओढलं जात नाही. नदीतून पंप लावत असाल तर ओहोटी संपत येते तेव्हा, आणि फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपचं पाण्यातलं तोंड) तळाला न टेकवता ड्रमला बांधून वरच्या थरात तरंगता ठेवा. ठिबक असेल तर वळवाच्या पहिल्या सरीला ते बंद करायचा मोह होतो. करू नका. थेंबाच्या ओलाव्याच्या कडेला साठलेलं मीठ त्या हलक्या सरीने थेट मुळांवर येतं. चांगला पाऊस लागेपर्यंत ठिबक चालू ठेवा. आणि वरच्या विहिरीवर एप्रिल-मेमध्ये दिवसभर पंप चालू असतो का, हेही शेजाऱ्यांकडे हळूच विचारून घ्या.

खाडीचा गाळ माडांना घालायची जुनी रीत आहे, कोणी ना कोणी तुम्हाला ती सुचवेलच. मी स्वतः एकदा फेब्रुवारीत खाजणातला (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतला) काळा गाळ काढून तसाच ताजा आळ्यांत भरला होता. सात तरणे माड त्या पावसाळ्यात असे मागे पडले की दोन अखेर काढावे लागले. त्या काळ्या गाळात गंधकाची संयुगं असतात, हवा लागली की त्यांचं आम्ल होतं. वाळलेल्या ढेकळांत पिवळट रेघा दिसल्या तर तीच खूण. गाळ घालायचाच तर बाहेर ढीग करून दोन पावसाळे धुऊ द्या. तुमच्या ५.४ सामूला तर घालूच नका.

सगळं नीट केलंत तरी पहिल्या वर्षी पिवळी चुडतं पिवळीच राहतील, ती हिरवी होत नाहीत, गळून जातात. नवं येणारं चुडत किती लांब आहे ते मोजत राहा. तेच आधी सुधारतं. नारळ तिसऱ्या-चौथ्या वर्षी. ज्या माडांचा शेंडा पेन्सिलीसारखा झालाय त्यांच्यावर पैसे घालू नका. ते काढा, पण लगेच नवीन रोप लावू नका. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या, मेमध्ये दोन फुटांवरची क्षारता मोजा आणि मग ठरवा.

एप्रिलमधले आकडे आणि खोडावरची वळी, दोन्ही कळवा. वळी आधी मोजा, त्याला खर्च नाही.